ल्होट्याच्या जंगलातली चौकशी

सप्टेंबर १९७३ मध्ये रादाना माल्कोव्हाला रोमला जायचा परवाना नाकारण्यात आला. आता हे विसरा. असं काही घडलेलंच नाही. अशी फाईल प्रागमध्ये कुठल्याही कपाटात नाही, आणि त्या नसलेल्या फाईलच्या सत्तेचाळिसाव्या पानावर कॉफीचा जो डाग आहे, तोही नाही.

रादानाला सगळा देश ओळखत होता, पण गुडघ्यापासून खाली. पायमोज्यांच्या खोक्यावर सात वर्षं तिचेच पाय होते. बुटांच्या कारखान्यातल्या कामगाराची ही मुलगी अठराव्या वर्षी प्रागला आली आणि सरकारी फॅशनगृहात उंचीवर पास झाली. तिथे ती प्रदर्शनात असे कोट घालून चालायची, जे दुकानात कधीच आले नाहीत. "हा कुठे मिळतो हो?" असं बायका विचारायच्या. अशा वेळी फक्त हसायचं, अशी लेखी सूचना होती.

मग सिनेमे. तीन. पहिल्यात ती तळ्यात सापडलेलं प्रेत होती. दुसऱ्यात नायकाची स्वर्गवासी बायको, म्हणजे भिंतीवरचा फोटो. तिसऱ्यात राजकन्या; पहिल्याच प्रसंगात तिचा दगड होतो आणि शेवटच्या प्रसंगात ती पुन्हा माणसात येते. सिनेमा लांबला म्हणून शेवटचा प्रसंग कापला. तीन सिनेमे झाले, तोंडातून एक शब्द नाही. एका समीक्षकाने तिच्या संयमाचं फार कौतुक केलं.

आणि एकतिसाव्या वर्षी रोमहून एका सिनेमासाठी पत्र आलं. चार आठवड्यांचं काम, एकशे बारा वाक्यं. तिने दोनदा मोजली. बाथटबमध्ये बसून ती पाठ केली. बत्तिसाव्या वर्षी असं पत्र येत नाही, हे तिला न मोजताही कळत होतं.

परवान्याआधी चौकशी असते. चौकशीला कॉम्रेड यांदा होते: गोल चेहरा, गोल चष्मा, आणि समोर तळमजल्यावरच्या होलुबोव्हाबाईंनी लिहिलेले अकरा कागद. रादानाच्या बिल्डिंगमध्ये कोण कधी आलं-गेलं याची नोंद ठेवणं होलुबोव्हाबाईंकडे होतं. त्यांना कोणी सांगितलं नसतं तरी त्यांनी ते केलंच असतं.

"दर शनिवारी पहाटे चार वीसला बाहेर पडता," यांदांनी वाचलं. "डोक्याला रुमाल, रबरी बूट, हातात झाकलेली टोपली. उगाच दोन ट्राम बदलता. आगगाडीतून एक स्टेशन आधी उतरता. मागे वळून बघता. किती वेळा?"

"मोजलं नाही, कॉम्रेड."

"एकोणीस. होलुबोव्हाबाईंनी मोजलंय."

"म्हणजे त्या माझ्या मागे होत्या?"

"त्या ताजी हवा खायला गेल्या होत्या. पुढे त्यांचा बूट चिखलात रुतला, म्हणून पुढचं तुम्ही सांगायचं. कोणाला भेटता?"

"कोणाला नाही हो. अळंबी वेचते."

"कुठे?"

"जंगलात."

"कुठल्या?"

कोपऱ्यातल्या टायपिस्टचे हात थांबले. होलुबोव्हाबाईंवर रादानाचा संशय जुनाच होता, पण तो राजकारणाचा नव्हता. ही बाई आपली अळंबीची जागा हुडकतेय, असा होता. म्हणून तर दोन ट्राम आणि एकोणीस वेळा मागे बघणं. ती जागा वडिलांनी मरताना तिच्या कानात सांगितली होती, तीही आईला पाणी आणायला बाहेर पाठवून. आई अजून विचारते. रादाना अजून हसते, सूचनेप्रमाणे.

"बेरोउनकडे," ती म्हणाली.

"बेरोउनला यंदा पाऊस नाही. मी जाऊन आलोय." यांदांनी चष्मा पुसला. "बाई, एकशे बारा वाक्यं आहेत ना तुम्हाला?"

तिने डोळे मिटले आणि सांगून टाकलं. ल्होटा स्टेशन, बंद गिरणी, गिरणीमागून ओढ्याच्या काठाने, दगडी क्रुसाच्या डावीकडे, तिसऱ्या बर्चच्या झाडाखालचा उतार. सांगताना वडील छातीवर येऊन बसल्यासारखं तिला वाटलं.

यांदा आधी हसले. मग हसायचे थांबले, ते जास्त वाईट होतं.

"मी सत्तावीस वर्षं अळंबी वेचतोय. माझा सख्खा भाऊ मला दलदलीत पाठवतो. बायको नकाशावर बोट ठेवते ते दुसऱ्याच जिल्ह्यात. आणि तुम्ही पहिल्याच भेटीत, सरकारी माणसाला, थेट तिसऱ्या बर्चपर्यंत? कोणी पढवून पाठवलंय तुम्हाला?"

"अहो, खरं आहे!"

"खरं असतं तर सांगितलं असतंत? आपल्यात सांगतं का कोणी?"

तिच्यासमोर कोणी असं सांगितलं असतं, तर तिनेही विश्वास ठेवला नसता.

"प्रत्यक्ष पडताळणी होईल," यांदा म्हणाले.

शनिवारी ती सरळ ल्होट्याला उतरली. मागे बघायचं आता काही कारण राहिलं नव्हतं. उतारावर पोचली, तर शेवाळात ठिकठिकाणी सुरीने सफाईने कापलेले देठ. तिसऱ्या बर्चखाली कॉम्रेड यांदा गुडघ्यांवर. दोन टोपल्या काठोकाठ; तपकिरी टोप्यांची, पांढऱ्या जाड देठांची, एकही किडकं नसलेली अळंबी. पलीकडे एका झाडाआड होलुबोव्हाबाई ताजी हवा खात होत्या. टोपली त्यांच्याकडेही होती.

"शुभ सकाळ, कॉम्रेड."

"चौकशी चालू आहे," यांदा मान वर न करता म्हणाले.

"टोपलीत काय आहे?"

"पुरावा."

"दोन टोपल्या?"

"एक मूळ, एक प्रत."

"म्हणजे मी खरं बोलले! मग तसं लिहा की. अळंबी आहेत म्हणून लिहा."

यांदा टाचांवर बसले. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर माणसासारखं दुःख दिसलं.

"कसं लिहू, बाई? हा अहवाल पाच टेबलांवरून जातो. पाचही टेबलांवरच्या लोकांना शनिवारी सुट्टी असते."

"माझी एकशे बारा वाक्यं, कॉम्रेड!"

"मला कळतंय हो. पण तुम्ही हा उतार बघा ना जरा."

रादानाने बघितला. उन्हाची तिरीप, ओलं शेवाळ आणि अजून पाच-सहा टोप्या वर येताना. सर्वांत वाईट हे झालं, की तिलाही ते पटलं. तिच्या हातात पेन असतं, तर तिनेही दुसरं काही लिहिलं नसतं. झाडाआडून होलुबोव्हाबाई म्हणाल्या, "मी तर काहीच पाहिलं नाही," आणि खाली वाकल्या.

अहवाल चार ओळींचा निघाला. सदर ठिकाणी पाहणी केली. अळंबी आढळली नाहीत, जमीन प्रतिकूल असून पुढेही आढळण्याची शक्यता नाही. अर्जदार असत्य बोलते. परवाना देऊ नये.

निर्णय हाती आला त्या सोमवारी रादानाने उत्तर चार ओळींत आवरलं नाही. टेबलाशी बसून, अडखळत, खोडत, तिने अर्ज लिहिला:

"महोदय, रोमच्या परवान्याबाबत आपला निर्णय मिळाला. त्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. तथापि आपल्याच अहवालानुसार ल्होटा येथील उतारावर अळंबी नाहीत व पुढेही येणार नाहीत. त्यामुळे तिथे जाण्याचं कोणत्याही अधिकाऱ्यास, तसंच ताजी हवा खाणाऱ्या कोणत्याही महिलेस, काहीही कारण उरत नाही. सबब विनंती की, कॉम्रेड यांदा व श्रीमती होलुबोव्हा यांनी सदर उतारावर शनिवारी, रविवारी व पावसानंतरच्या तिसऱ्या दिवशी पाऊल ठेवू नये, असा लेखी आदेश काढण्यात यावा, आणि त्याची एक प्रत अर्जदारास देण्यात यावी. प्रत कागदाची असावी."