कॉइलची तिसरी तार

जुन्या गाडीला नवं इग्निशन बसवणं म्हणजे म्हातारबाला कवळी बसवणं. आधी तोंडात काय शिल्लक आहे ते नीट बघावं लागतं. एरवी त्या मेकॅनिकच्या तोंडून शब्द काढणं गंजलेला बोल्ट सोडवण्याइतकं अवघड, पण बॉनेट उघडलं की असं काहीबाही तो स्वतःशीच बोलायचा. या वेळी मात्र तो गप्प होता, कारण गाडी होणाऱ्या भाऊजींची होती. आईमागे ज्या ताईने त्याला वाढवलं, तिचं घर उशिरा का होईना बसत होतं, आणि आपल्या हातून त्यात माशी शिंकू नये एवढीच त्याची धडपड होती.

भाऊजी बिजवर. पहिली बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. कशाने गेली ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि विचारायचा याला धीर झाला नव्हता. गाडी त्यांनी जिवापाड जपलेली. तक्रार एकच, की टेकडीवरच्या तळ्याकडे निघालं की शेवटच्या वळणावर ती हटकून बंद पडायची. लग्नाआधी ताईला ते तळं दाखवायचंच, असं त्यांनी मनावर घेतलं होतं.

त्याने जुने पॉइंट आणि कंडेन्सर काढून नवी इलेक्ट्रॉनिक डबी बसवली, तिची लाल तार ठिणगी देणाऱ्या कॉइलच्या प्लसला दिली, काळी मायनसला. मायनसवर आधीपासून एक तिसरी, बारीक तार होती. इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या काट्याची असेल असं समजून त्याने ती होती तशी परत जोडली. जे जसं सापडलं ते तसं जोडायचं, ही त्याच्या उस्तादांची शिकवण.

किल्ली फिरवताच इंजिन सुरू झालं. तो आणि भाऊजी पुढे बसून टेकडी चढले, आणि शेवटच्या वळणावर गाडी बंद.

“काय मेहुणे,” भाऊजी हसून म्हणाले, “नवी नवरीपण जुन्याच नखऱ्यांची निघाली की.” हसले खरे, पण त्यांची नजर याच्या बोटांवरून हलली नाही.

परतताना याचं लक्ष डॅशबोर्डवर गेलं. फेरे दाखवणारा काटा या गाडीत नव्हताच. मग ती तार कुणाची? गॅरेजात येऊन तो तिच्या मागे लागला. ती गालिच्याखालून, दाराच्या कडेने मागच्या सीटपर्यंत गेली होती, आणि सीटच्या फटीत, हात आत घातल्याशिवाय कळणार नाही अशा जागी, एक छोटा स्विच होता. तो दाबला की चालतं इंजिन बंद. वाटेतल्या जोडावर टेप नव्हती. काजाच्या कडेसारखा घट्ट, एकसारखा शिवणाचा दोरा गुंडाळला होता, आता काळा पडलेला.

भाऊजींनी वाकूनसुद्धा पाहिलं नाही. “ती शिवणकाम करायची,” ते म्हणाले. “कापून टाका.”

त्याने तो जोडच कापला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दोघंच निघाले, मागची सीट रिकामी, आणि गाडी त्याच वळणावर बंद पडली. परत येऊन त्याने गालिचा उचलला. कापलेली टोकं पुन्हा जुळलेली होती, आणि त्यांवर कोरा पांढरा दोरा होता.

अंगणातल्या गॅरेजच्या किल्ल्या दोनच, एक गाडीपुरती भाऊजींना दिलेली, एक याच्याकडे. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. हा माणूस आपल्याला खेळवतोय, असं याला वाटलं. पण आधी बोलले ते भाऊजीच, तेही ताईला बोलावून घेऊन. तुमच्या भावाला हे लग्न पसंत नसावं, तसं असेल तर त्याने सरळ सांगावं, मुक्या यंत्राला कशाला छळायचं, असं ते अगदी सौम्यपणे म्हणाले.

“अरे, मनात काही होतं तर मला बोलायचंस,” ताई म्हणाली.

याचे कान लाल झाले. त्याने दोघांच्या देखत ती तार मुळापासून उपटली, स्विच उखडला आणि सगळं भंगारात टाकलं. भाऊजी म्हणाले, मग आत्ताच जाऊन येऊ. ताई शाल आणायला घरात गेली.

भाऊजी चालकाच्या जागेवर बसून रुमालाने स्टिअरिंग पुसत होते. आवाजात राग नव्हता, उलट जुनी अडचण सरल्यासारखा मोकळेपणा होता.

“पहिलीलाही ते तळं दाखवायचं होतं मला. ती हट्टाने मागेच बसायची, आणि दर वेळी गाडी तिथंच बंद. शेवटी काय, त्या वळणापासून आम्ही चालतच गेलो.”

एवढ्यात ताई आली आणि पुढे बसली. मघाचं बोलणं तिलाच लागलं असावं, कारण ती याच्याकडे पाहून हसली. “ताई,” तो म्हणाला. तोवर भाऊजींनी किल्ली फिरवली. तिला वाटलं निरोपच देतोय. तिने हात हलवला आणि गाडी फाटकाबाहेर पडली.

अंगणातून टेकडी दिसत नाही, ऐकू येते. तो कान देऊन उभा राहिला. आवाज चढावर गेला, गिअर बदलला, वळण जवळ आलं. आजवर किती इंजिनं नीट चालावीत म्हणून त्याने जिवाचं रान केलं होतं. हे एक बंद पडावं म्हणून त्याने श्वास रोखून धरला.

इंजिन वळणावर पोचलं, आणि एकही ठोका न चुकवता पुढे गेलं.