वीतभर वर

देवश्री तुळजापूरची, मास्तरांची मुलगी. ती पुरातत्त्व शिकायला निघाली तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली होती, की मातीच उकरायची तर पुण्याला कशाला जायचं, रान काय कमी आहे? पुढं मातीही धड तिच्या वाट्याला आली नाही. काम मिळायचं ते हंगामापुरतं. दिवाळीनंतर बोलावणं यायचं, वळवाचे ढग दिसले की घरी. अशी नऊ वर्षं गेली. अहवाल छापून यायचे, त्यात सगळी मापं तिची, आकृत्या तिच्या, आणि नाव मात्र शेवटच्या पानावर, आभारात, स्वयंपाकी आणि ड्रायव्हर यांच्या मधोमध. स्वयंपाकी चांगला होता, त्याबद्दल तिची तक्रार नव्हती.

यंदाचं खोदकाम नळदुर्गच्या अलीकडे, महामार्ग सोडून आत, बंडप्पाच्या रानातल्या टेकाडावर चाललं होतं. जुनं गाव पडून, कुजून, त्याच्या मातीचं जे टेकाड होतं त्याला आपल्याकडं पांढरी म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या गावकऱ्यांनी घराच्या धाब्यावर घालायला माती नेली ती इथूनच. त्या मातीत दोन हजार वर्षांपूर्वीची विटांची फरशी निघाली, आणि खोदकामाचे प्रमुख गोपाळकृष्ण सर अर्धी भाकरी जास्त खाऊ लागले.

आता खोदकामात सापडलेली प्रत्येक वस्तू किती खोल होती हे मोजावं लागतं. वरचं ते नवं, खालचं ते जुनं, असा साधा हिशेब. पण मोजायला एक न हलणारी जागा हवी. देवश्रीनं खड्ड्याच्या कडेला जमिनीत घट्ट बसलेला एक काळा दगड निवडला आणि खूण म्हणून त्याच्या माथ्याला रंग फासला. रंग बंडप्पाच्या गेटचा उरलेला, लाल. तिनं हिरवा मागितला असता तर पुढचं रामायण टळलं असतं.

रोज सकाळी सगळ्यांच्या आधी ती त्या दगडापुढं बसायची, वाकायची, त्याच्यावर आकडे लिहिलेली उंच पट्टी उभी धरायची, एक डोळा मिटून दुर्बिणीतून बघणाऱ्या पोराला हात करायची. खोदकामावर येणाऱ्या बायका हे बघत होत्या. लाल दगड, आणि शिकलेली बाई त्याच्यापुढं रोज वाकते. मग एक दिवस झेंडूचं फूल दिसलं. मग हळदीकुंकू. मग ‘पांढरीआई’ असं नावही पडलं. देवश्री हसली आणि तिनं चालू दिलं. फुलांनी काही दगड हलत नाही, असं तिला वाटलं.

मग वडिलांच्या मोतीबिंदूसाठी तिला उमरग्याला जावं लागलं. दवाखान्याच्या बाकावर बसलेली असताना सरांचा फोन आला. एरवी मोजून मापून बोलणारा माणूस, पण आवाज एखाद्या पोराचा झाला होता.

“देवश्री, खापर सापडलं! अक्षरं कोरलेलं! आणि ते फरशीच्या खालच्या पातळीतलं आहे. कळतंय का तुला? फरशीच्या आधी दोनतीनशे वर्षं इथं लोक लिहीत होते!”

“सर, मोजलं कुणी?”

“स्वानंदनं, पुण्याच्या नव्या विद्यार्थ्यानं. मी स्वतः उभा होतो. आणि ऐक, या लेखात दुसरं नाव तुझं. शुक्रवारी संस्थेचे अध्यक्ष येतायत, पत्रकार येतायत. लवकर ये.”

दुसरं नाव! डोळ्यावर पट्टी बांधलेल्या वडिलांना तिनं ते तीनदा सांगितलं. परतीच्या एसटीत तिला बसवेना. खिडकी उघड, खिडकी लाव, फोन काढ, फोन ठेव. शेजारची बाई शेवटी म्हणाली, “माहेरी निघाली का गं?”

टेकाड चढून ती वर आली. जिथं तिचा दगड होता तिथं सिमेंटचा ओटा होता, चांगला गुळगुळीत घोटलेला. ओट्यावर तिचा दगड, नवी चुनरी पांघरून.

हरणाबाई कौतुकानं पुढं आली. खोदकामावरच्या बायकांची ती मुकादम. हात कमरेवर ठेवूनच बोलायची.

“कसा झालाय ओटा? सिमेट बंडप्पानं दिलं. देव असा पायदळी बरा दिसतो का बाई? कुत्री फिरत्यात.”

“हरणाबाई, दगड... देवी होती तिथंच आहे ना? ओटा नुसता भोवतीनं बांधलाय ना?”

“भोवतीनं कसा? पहारीनं उचलली, खाली दगडं भरली, वर बसवली. जागा तीच. वीतभर वर घेतली निस्ती.”

“कधी?”

“मंगळवारी. देवीचा वार न्हाय का!”

खापर निघालं होतं बुधवारी. स्वानंद त्याच दिवशी पुण्याहून आलेला, त्यानं आधीचा दगड पाहिलेलाच नव्हता. सर अंगठ्याएवढं खापर बघतील की ओटा बघतील?

देवश्री खड्ड्यात उतरली. तिला हिशेब कळला होता, पण कळलेलं खरं नसावं असं फार वाटत होतं. फरशीच्या कडेची एक वीट तिनं महिन्यापूर्वी स्वतः मोजली होती. दगडापासून एकशे चाळीस सेंटिमीटर खोल. तीच वीट तिनं पुन्हा मोजली. एकशे साठ. मातीत दोन हजार वर्षं गप पडलेली वीट एका मंगळवारी वीतभर खाली जात नाही. दगड वर गेला होता, आणि त्यामुळं त्यानंतर मोजलेलं सगळंच वीतभर खोल दिसत होतं. खापर निघालं त्या कोपऱ्यात फरशी पोचतच नव्हती, ते फरशीच्या खालचं हे ठरलं होतं ते फक्त या मापावरून. खरं माप धरलं तर खापर फरशीच्याही वर येत होतं. म्हणजे फरशीनंतरचं. म्हणजे चारचौघांसारखं एक खापर.

ती तशीच सरांच्या तंबूत गेली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली. सरांनी चष्मा काढून पुसला.

“स्वानंदची पट्टी धरण्यात चूक असेल. तुझीही असू शकते.”

“जागची न हललेली वीटही वीतभर खाली दिसतेय सर. तुम्ही चला, मोजून दाखवते.”

“मी मेमध्ये निवृत्त होतोय, देवश्री.” सरांचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. “तीस वर्षं मी या भागात फिरलो. तीस वर्षांत मला एक ओळ मिळाली नाही. आणि तू उठून काय सांगणार? की गावानं देव हलवला? की तो देव नाहीच, बंडप्पाच्या गेटचा रंग आहे? गाव खोदू देईल पुन्हा? शुक्रवार होऊ दे. पुढच्या हंगामात शांतपणे मोजा. पुढच्या हंगामाला तूच हवीस, असं मी जाताना लिहून ठेवीन.”

ती बाहेर आली. तिला सरांचा राग आला, आणि त्याहून जास्त राग याचा आला की त्यांचं म्हणणं तिला गोड लागलं होतं. शुक्रवारपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. जेवताना उठायची, खड्ड्यावर जायची, विटेकडं बघून परत यायची. स्वयंपाकी म्हणाला, “म्याडम, मीठ जास्त पडलंय का?” शेवटी तिनं मनाशी एक पळवाट काढली. कार्यक्रमात पत्रकार कामावरच्या बायकांना विचारतीलच, हरणाबाईच्या पोटात काही राहत नाही, ती सांगून टाकेल. सत्य आपोआप बाहेर येईल, आणि आपण कुणाच्या वाईटावर नाही.

शुक्रवारी मंडप पडला. अध्यक्ष आले, सरपंच आले, नारळ फुटला. सर खापराबद्दल बोलले, आणि खरंच सुंदर बोलले. मग एका पत्रकार मुलीनं मोबाइल पुढं केला.

“मावशी, ही देवी पहिल्यापासून इथंच आहे का?”

देवश्री पुढं सरकली. हरणाबाईनं एकदा देवश्रीकडं बघितलं, पदर सारखा केला आणि ठणकावून सांगितलं, “लई जुनी हाय. जागची कधी हालली न्हाय.”

टाळ्या पडल्या. देवश्रीनं तिला मंडपाच्या मागं ओढलं.

“खोटं का बोललात?”

“तुमच्यापायी की!” हरणाबाई उलट तिच्यावरच चिडली. “काल तुमी आन सर भांडत व्हता. तंबूला काय भिंती हायत्या व्हय? समदं ऐकलंय. म्हनलं, आपल्या बाईचं नाव कधी न्हाय ते पेपरात येतंय, आपुन कशाला आडवं यावं?”

“आणि देवी? तो रंग आहे हरणाबाई. मी लावलाय.”

“बघितलंय म्या. गेटाचा डबा. मंग? शेंदूर बी कुनीतरी लावतंच की.”

देवश्रीला रडू फुटायचं बाकी राहिलं. जिच्या तोंडून खरं निघेल म्हणून ती टपून बसली होती, ती तिच्याच नावासाठी देवीदेखत खोटं बोलली होती. आता पळवाट उरली नव्हती. तेवढ्यात माइकवर सरांचा आवाज आला, “या शोधात ज्यांचा माझ्याइतकाच वाटा आहे, त्या आमच्या सहकारी, देवश्री.” नऊ वर्षांत पहिल्यांदा ते तिला सहकारी म्हणाले होते.

ती मंडपात आली. माइककडं न जाता तिनं कोपऱ्यातली पट्टी उचलली.

“हरणाबाई, खाली उतरा. त्या कडेच्या विटेवर ही उभी धरा.”

हरणाबाईनं सरांकडं बघितलं, बंडप्पाकडं बघितलं. मग कासोटा खोचून ती खड्ड्यात उतरली आणि पट्टी धरली, रोज बघत आलेली तशी, अगदी ताठ. देवश्रीनं दुर्बिणीत बघितलं आणि आकडा मोठ्यानं वाचला. मग महिन्यापूर्वीचा आकडा सांगितला. मग रंगाचा डबा, मंगळवार, ओटा, सगळं सांगितलं. मध्ये कुठं थांबली नाही.

सरपंच कपाळाला आठ्या घालून उठले. बंडप्पा म्हणाला, “वर घेतली म्हंजी काय बाटवली व्हय?” बायकांना तर यात काही वावगं दिसेना. त्यांच्यातल्या लक्ष्मम्मानं ओटीचं तबक होतं तसंच देवीपुढं सरकवलं. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. पत्रकारांनी मोबाइल खिशात घातले. सर खुर्चीवर बसून होते आणि खापराची डबी एकदा उघडत होते, एकदा मिटत होते. देवश्रीकडं त्यांनी पाहिलं नाही.

तासाभरात मंडपवाला बांबू सोडू लागला. कामाचं पुढं काय, हे कुणी बोललं नव्हतं, पण सरांचा माणूस तंबूच्या खुंट्या उपटत होता.

हरणाबाई अजून खड्ड्यातच होती. पट्टीही तिनं तशीच धरलेली. सोडा म्हणायचं देवश्रीच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

“बाई,” तिनं खालून विचारलं, “वीतभरानं एवढं हुतंय व्हय?”

“होतं, हरणाबाई.”

“मंग उद्या आमी कामाला यायचं, का न्हाय?”

देवश्री खड्ड्यात उतरली आणि तिच्या हातातली पट्टी घेतली. उत्तर तिला माहीत होतं. हरणाबाई तिच्या तोंडाकडं बघत उभी होती.

“नाही,” देवश्री म्हणाली.