चार बोटं कोरी जागा

छापखान्याचं शटर अर्धं खाली होतं. वर करायचं नाही, ही गोदामशेठच्या माणसाची अट. त्याने पैसे देऊन मतदानापर्यंत आमच्या मशीनचा सगळाच वेळ घेऊन ठेवला होता. पोस्टर एकच, शेठच्या चेहऱ्याचं. गठ्ठे बांधून झाले की टेम्पो यायचा आणि ते शेठच्याच गोदामात जाऊन पडायचे.

"भिंती तर भरल्या. हे कुठे लावणार?" खारूने विचारलं. खारू माझी धाकटी बहीण. तेरा वर्षांची झाली तरी एका जागी ठरत नाही, म्हणून खारू.

"कुठेच नाही."

"मग छापतात कशाला?"

"आपलं मशीन रिकामं राहू नये म्हणून."

तिच्या शाळेचे खेळाचे सर शेठविरुद्ध उभे होते. शेठ निवडून आले तर शाळेमागच्या मैदानावर गोदाम होणार होतं, आणि खारू तिथेच धावायची. सरांची पत्रकं छापायचं बाबांनी कबूलही केलं होतं. काल सर आले तेव्हा बाबांनी त्यांना चहा पाजला, हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि पत्रकांचा विषय निघतोय असं दिसताच कागद भरायला आत निघून गेले.

"दुसरीकडे छापतील सर," बाबा म्हणाले.

"बाकीच्या दोन्ही छापखान्यांची शटरंही अर्धीच आहेत," मी म्हटलं.

"बाबा, तुम्ही नाही म्हणायचं ना," खारू म्हणाली.

बाबांनी मशीनवरून मान वर केली नाही. "सरांचं काम एका दुपारचं. वर्षभर खोक्यांची लेबलं कोण देतं? शेठच. नाही म्हणून बसू का माश्या मारत?"

"पुस्तकात लिहिलंय, कोणीही उभं राहू शकतं. सरांचं मत एक, शेठचंही एकच."

"बरोबर आहे," मी म्हटलं. "कॉलेजात आम्ही काचेच्या हंडीत घंटा वाजवायचो. पंपाने हंडीतली हवा काढून घेतली की घंटा हलताना दिसते, पण ऐकू येत नाही. घंटेला कोणी हातही लावलेला नसतो."

खारूने विचार केला. "म्हणजे शेठने हवा विकत घेतली."

"हो."

"आणि आपण पंप."

बाबांनी विनाकारण मशीनला तेल घातलं.

दुपारी छपाईची प्लेट झिजली. नवी बनवायला मी कॉम्प्युटरवर बसले, तर खारू खांद्यावरून डोकावत म्हणाली, "ताई, ही कोरी पट्टी कसली?"

"कडेची. चार बोटं. छापून झालं की कापून टाकतो."

"ती कतरण कोणाची?"

"आपली. छापखान्याचीच असते, पहिल्यापासून."

आम्ही दोघींनी बाबांकडे पाहिलं. त्यांनी बराच वेळ हात पुसले. मग म्हणाले, "अक्षर मोठं ठेव. बारीक वाचवत नाही लोकांना."

पट्टीत मी लिहिलं: मैदान मुलांचं राहू द्या. शिट्टीवर शिक्का मारा. शिट्टी ही सरांची निशाणी.

संध्याकाळपर्यंत कापलेल्या पट्ट्यांनी पोती भरली. खारू मूठ-मूठ पट्ट्या दप्तरात भरणार, एवढ्यात शटरखालून वाकून शेठचा माणूस आत आला. मागे टेम्पोची पोरं.

"मालक, मशीन आहे की म्हैस? रस्त्यापर्यंत रेकतंय." तो हसला. गठ्ठे गेल्यावर त्याने पोत्यांकडे बोट दाखवलं. "हीपण घ्या रे."

"ती कतरण आहे," बाबा म्हणाले. "आमची असते."

"आख्ख्या कागदाचे पैसे दिलेत ना? शेठ कपटाही सोडत नाहीत."

त्याने एकही पोतं उघडून पाहिलं नाही. पोरांनी ती खांद्यावर टाकली. खारूच्या मुठीतल्या पट्ट्यांकडे त्याचं लक्ष गेलं. "टाक त्यात, बाळा," तो प्रेमाने म्हणाला. तिने माझ्याकडे पाहिलं, मी बाबांकडे. तिने मूठ उघडली.

टेम्पो गेला, पण तो गेला नाही. स्टूल ओढून शटरपाशी बसला. शेठने त्याला आता रोज इथेच थांबायला सांगितलं होतं.

"बाबा," खारू कुजबुजली, "प्लेट बदलायची का? ही ओळ दिसेल त्याला."

"मशीन थांबलं तर तो उठून बघायला येईल."

बाबांनी नवा कागद लावला. शेठचा चेहरा आणि त्याच्या कडेला सरांची ओळ, एकामागून एक छापून खाली पडू लागली. खारूने सुतळी घेतली आणि गठ्ठा बांधायला बसली.