घरात माणूस असल्यासारखा उजेड

२००९ साली दुबईत मंदी आली तेव्हा आमच्या टॉवरमध्ये कोण उरलंय आणि कोण कर्ज टाकून पळालंय, हे लोक खिडक्यांवरून ओळखायचे. संध्याकाळी खाली फेऱ्या मारताना सगळ्यांच्या माना वर. "बाराव्या मजल्यावरचे गेले वाटतं. अंधार दिसतोय." एवढंच म्हणायचं आणि पुढं चालायचं. अंधार पडलेल्या घरातल्या माणसाचं नाव परत कोणी घेत नसे. कालपर्यंत त्याच माणसाच्या घरी आपण गणपतीचे मोदक हाणलेले असायचे.

असल्या दिवसांत माझ्या नवऱ्याला घरात नवे दिवे लावायची हौस आली.

मी म्हटलं, "सूर्यकांत, तुझ्या ऑफिसात दर गुरुवारी माणसं कमी होतायत आणि तुला छतातले डाउनलाइट सुचतायत?"

"घर आपलं आहे विभा. शारजात भाड्याच्या खोलीत ट्यूबलाइटखाली वर्षं काढली. आता तरी माणसासारखं राहू."

मला बरं वाटलं. आम्हा बायकांना फार स्वस्तात बरं वाटतं.

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, यहया आला. श्रीवर्धनचा माणूस, शारजात दिव्यांचं दुकान. बऱ्याच महिन्यांनी काम मिळालं म्हणून खुशीत होता, तोंडाला खळ नव्हता. त्यानं कॅटलॉग बाजूला टाकला. "साहेब, नकाशा नंतर. मी आधी माणसं बघतो. कोण कुठं बसतं, कोण कुठं तडमडतं, ते कळल्याशिवाय दिवा कुठं टांगणार? छतावर चांदण्या पाडणारे लई आहेत दुबईत."

त्यानं खिडक्यांना कचऱ्याच्या काळ्या पिशव्या चिकटवल्या. बाहेर दुपार पेटलेली आणि आत मिट्ट काळोख. लांब वायरीला एक बल्ब बांधून तो हातात घेऊन उभा राहिला. "आता रोज संध्याकाळी येता तसे दारातून या. जिथं थांबाल तिथं मी जमिनीवर पट्टी मारणार. बेबी पिवळी, भाभी लाल, साहेब निळी. यल्ला, चला!"

आमची मुलगी इरा सुसाट सुटली. सोफा, फ्रिज, परत सोफा, मग पलंगावर उलटी, पाय भिंतीवर. "पुट वन हिअर, अंकल! आय रीड लाइक धिस."

माझी पाळी आली. ओटा, सिंक, देव्हारा, इस्त्री, सिंक. स्वयंपाकघरात लाल पट्ट्यांची गर्दी झाली. यहया म्हणाला, "भाभी, तुम्हाला ओट्यावर चांगला पांढरा उजेड पायजे. पस्तीस दिरहमचा एक."

"म्हणजे साडेचारशे रुपये! ओट्याला?"

"सुरीखाली बोट आलं तर डॉक्टर किती घेतो?"

मग सूर्यकांत. तो दारातून आला, चप्पल काढली आणि पायपुसण्यावर उभा राहिला. तिथंच. यहया बल्ब घेऊन पुढं सरकला, "या ना साहेब." सूर्यकांतनं सगळीकडं पाहिलं. परक्याच्या घरी गेल्यावर 'बसा' म्हणायची वाट बघतो ना माणूस, तसा.

"बाबा, गो ना! व्हेअर डू यू सिट?"

"कुठंही लाव रे," तो यहयाला म्हणाला. यहयानं दाराशीच एक निळी पट्टी मारली आणि डोकं खाजवलं.

"माझ्यासाठी वेगळं सांगतो," सूर्यकांत म्हणाला, आणि मग एकदम त्याची जीभ सुटली. स्टडीतला दिवा अंधार पडला की लागला पाहिजे, आपोआप. मग तो विझून बेडरूममधला. मधेच बाथरूमचा, थोडाच वेळ. मग परत स्टडी. हॉलमधल्या पडद्यामागं एक, तोही मधूनमधून. "आणि रोज एकाच वेळी नको. थोडं पुढंमागं. आत माणूस असल्यासारखं वाटलं पाहिजे."

स्वतःच्या घरात बसायची जागा न सापडलेला माणूस, पण आपला दिवा कुठून कुठं चालेल हे त्याला तोंडपाठ होतं.

यहया हसला. "हे सगळं सुट्टीला गावी जाणारे लोक लावतात, साहेब. तुम्ही जाताय काय?"

सूर्यकांतही हसला. ते हसू मला ठाऊक होतं. बॉससमोरचं होतं ते. "कोण जातंय! वीज वाचते टायमरनं."

"रिकाम्या खोलीत दिवा लावून?" मी विचारलं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि बंद हॉलमध्ये पलीकडचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. सुजीत. समोरच्या टॉवरमध्ये राहणारा, सूर्यकांतच्याच ऑफिसातला, त्याच्या कर्जाला जामीन राहिलेला मित्र.

"सूर्या, खिडक्यांना काळं काय लावलंयस? मला वाटलं, खलास, हा पण गेला! अरे हार्ट अटॅक आणशील!"

"लायटिंगचं काम चाललंय रे."

"लायटिंग? वा, शेख! मग ठीक आहे. घरी अवनीला सांगतो, सूर्या कुठं जात नाही."

सूर्यकांतनं फोन ठेवला. मी त्याला स्वयंपाकघरात ओढलं.

"पासपोर्ट कुठंय?"

"कोणाचा?"

"कोणाचा म्हणजे? एकाचाच वेगळा काढून ठेवलायस का?"

त्याचा हात आपोआप खिशाकडं गेला. झालं. पुढं काही विचारायची गरजच नव्हती, पण तो बोलत सुटला. "हळू बोल. महिन्याभराचा प्रश्न आहे. मी पुढं जातो, पुण्यात काहीतरी बघतो. इराची परीक्षा झाली की तुम्ही या. तोवर घर चालू दिसलं पाहिजे. सुजीतला कळलं तर तो बँकेत जाईल, आणि मला एअरपोर्टवर अडवतील."

"आणि तू गेल्यावर बेल वाजली तर दार कोण उघडणार?"

"बायकांना कोणी काही करत नाही."

"आमचा व्हिसा तुझ्या नावावर आहे, सूर्यकांत. तू पळालास की तोही गेला."

"तू प्रत्येक गोष्टीत निगेटिव्ह का बघतेस?"

"सुजीतचं काय?"

"त्याचं तो बघेल. इथं सगळेच हेच करतायत."

हा माणूस महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात संस्कारांवर भाषण देतो. लोक टाळ्या वाजवतात, मीही वाजवल्यात. आणि घरात त्यानं तीन प्रकारचे दिवे योजले होते. टायमरवरचे, पडद्यामागचे, आणि चालत्याबोलत्या दोन, मी आणि इरा. आम्हाला तर वायरही लागणार नव्हती.

मी बोलले तर कर्जापायी इराचा बाप जेलात. गप्प बसले तर सुजीत अडकणार, आणि बँकेच्या माणसांपुढं मी रोज हसत उभी राहणार, 'साहेब आत्ताच खाली गेलेत.' खोटं बोलायला मला भीती वाटत नाही. पण भेकडासाठी का बोलू?

मी हॉलमध्ये आले. यहया वायर गुंडाळत होता, तोंड बंद. त्यानं ऐकलं होतं.

"भाभी, मी निघू?"

"आधी त्या पिशव्या फाड."

ऊन आत घुसलं. समोर बाल्कनीत सुजीत चहाचा कप घेऊन उभा. त्यानं हात हलवला. मी फोन लावला. "भावोजी, इकडं या. आत्ता."

"काय वहिनी, उद्घाटन?"

"या तर."

सूर्यकांतनं माझं कोपर धरलं. "विभा, तुझ्या मुलीचा बाप आहे मी."

"पळायच्या आधी आठवलं असतं तर बरं झालं असतं."

यहया आपलं सामान उचलून जिन्यानं गेला, लिफ्टचीही वाट न बघता. थोड्या वेळानं बेल वाजली. सूर्यकांत पुटपुटला, "उघडू नको." इरा धावली, "बाबा, इट्स ओन्ली सुजीत काका!" मी तिला मागं ओढलं आणि दार स्वतः उघडलं.

"हा आम्हाला ठेवून पळतोय," मी म्हटलं. "पासपोर्ट खिशात आहे. तुम्ही जामीन आहात म्हणून सांगतेय."

वाटलं, तो सूर्यकांतच्या अंगावर जाईल. तो गेला नाही. हसू तोंडावर तसंच ठेवून तो आत आला, आणि मागं दार लावून कडी घातली. सूर्यकांतकडं त्यानं पाहिलंही नाही. तो माझ्याकडं बघत होता, मग इराकडं. बराच वेळ इराकडं.

"बरं केलंत वहिनी, सांगितलंत ते," तो म्हणाला आणि हात पुढं केला. "आता पासपोर्ट द्या. नुसता त्याचा घेऊन काय करू? तिघांचे द्या, कर्ज फिटेपर्यंत माझ्याकडं राहतील. इराचा आधी."