पाच भोकांची डिस्क

"जुनं चाक नुसत्या हातानं बसायचं. ह्याला घण कशाला लागतोय?" आक्कानं विचारलं.

"तू गाडी चालव, आक्का. चाकाचं मला कळतं," असं म्हणून धाकट्या भावानं आणखी एक दणका घातला.

गाव त्याला फिटर म्हणायचं. गॅरेजात तो कधी राबला नव्हता. पण कुणाचा पंप अडला, कुणाची मोटारसायकल रुसली की हा पान्हा घेऊन दारात हजर. दहातली सात कामं जमायची, उरलेल्या तिन्हींचा दोष तो यंत्राच्या माथी मारायचा.

आक्काचा टेम्पो गावाचं दूध डेअरीवर न्यायचा. नवरा गेल्यावर ती स्वतःच गाडी शिकली होती. खड्ड्यात आपटून मागच्या चाकाची लोखंडी डिस्क वाकली, तेव्हा फिटरनं भंगारवाल्याकडून दुसरी उचलून आणली. पाच बोल्ट, पाच भोकं. त्यात आणखी बघायचं काय? पण तीन बोल्ट भोकात शिरले आणि दोन कडेला अडले. आक्का समोर उभी, शेजारची म्हातारी कट्ट्यावर बसून बघतेय. आता चाक काढून 'हे बसत नाही' म्हणायचं त्याच्या जिवावर आलं. त्यानं ठोकून डिस्क आत सरकवली, पान्ह्याला पाइप अडकवून नट पिळले आणि हात झटकले.

"गाडी मागनं डुलतेय रे," संध्याकाळी आक्का म्हणाली.

"गाडी नाही, आपला रस्ता डुलतोय," तो म्हणाला. चहाच्या टपरीवरची माणसं हसली. तोही हसला.

सकाळी कालव्याच्या उतारावर चाक निखळलं. ते एकटंच पुढं पळत मक्यात घुसलं आणि टेम्पो चरात आडवा झाला. कॅन फुटले. फिटर धावत पोचला तेव्हा ओल्या काळ्या मातीतून दुधाचा ओघळ चालला होता आणि आक्का बांधावर बसली होती. डावा हात तिनं पोटाशी धरला होता. मनगट भलतीकडंच वळलं होतं.

लोक जमले, शेजारची म्हातारीही आली. ज्याच्या गोठ्यातलं दूध सगळ्यात जास्त होतं तो गवळी कपाळाला हात लावून म्हणाला, "चाक बसवलं कुणी?"

फिटरनं खाली वाकून एक फुटका कॅन उचलला.

"मीच बसवलं," आक्का म्हणाली. "नट आवळायचे राहिले माझ्याकडून."

"बाईमाणसानं हात लावायची कामं आहेत का ही?" मागून कुणीतरी पुटपुटलं. गवळी फिटरकडं वळला. "घरात तुझ्यासारखा माणूस असताना, आक्कानं तुला सांगायला नको होतं?"

आणि फिटरनं मान हलवली. होय म्हणून. का हलवली ते त्याचं त्यालाच कळलं नाही. आक्कानं तेवढं पाहिलं आणि नजर मक्याकडं वळवली.

टेम्पो लोकांनी ट्रॅक्टरनं ओढून घरी आणला. आक्काचा हात प्लास्टरमध्ये घालून आणल्यावर फिटर मक्यातली ती डिस्क घेऊन तालुक्याच्या गॅरेजात गेला. गॅरेजवाल्यानं डिस्क उलटी केली. भोकांच्या कडा एका अंगानं घासून लांबट झाल्या होत्या.

"ही ज्यानं ठोकलीय त्याला माझ्याकडं पाठव."

"मीच तो," फिटर म्हणाला. परक्या माणसापुढं किती सोपं गेलं ते.

गॅरेजवाल्यानं नुसता एक पुठ्ठा त्याच्या हातात दिला. "हा टेम्पोच्या बोल्टांवर दाबून ठसे घेऊन ये. भोकं पाच असली तरी ती लहान गोलावर पाडलीत की मोठ्या, ते जुळायला लागतं. मधलं भोकही हबवर, बोल्टांमधल्या त्या गोल उंचवट्यावर, नेमकं बसायला लागतं. आणि पान्हा लावायच्या आधी पाचही नट बोटांनी शेवटपर्यंत फिरले पाहिजेत. नाही फिरले, तर ते चाक तुझ्या गाडीचं नाही."

त्यानं ठसे नेले, त्यांच्याशी जुळणारी डिस्क आणली, नट बोटांनी फिरवून मग आवळले. आक्का दारातून बघत होती. ती चार शिव्या देती तर त्याला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी दूध घालायला माणसं जमली. फिटर टेम्पोपुढं उभा राहिला. "त्या दिवशीचं चाक आक्कानं बसवलं नव्हतं. मी बसवलं होतं. बसत नव्हतं, तरी ठोकून बसवलं."

कॅनची झाकणं तेवढी वाजली. मग शेजारची म्हातारी म्हणाली, "ते मी डोळ्यांनी बघितलंय. मला एवढंच सांग, कालव्यावर सगळ्यांपुढं मान कशाला हलवलीस?"

त्यानं खाली वाकून पाचही नट पुन्हा बोटांनी चाचपले. कानाच्या पाळ्या चटके बसावेत तशा तापल्या.

आक्का एका हातानं दांडी धरून पुढच्या सीटवर चढली. "गाडी तू चालव, मी बाजूला बसते. आणि कालव्याच्या अलीकडं थांबून नट पुन्हा बघायचे."

"बघतो," तो म्हणाला.

गवळ्यानं चाकाला एक लाथ मारून बघितली आणि आपले कॅन मागं चढवले. बाकीच्यांनीही चढवले. म्हातारीनं मात्र आपली किटली मागं ठेवली नाही. पुढं येऊन ती आक्काच्या पायाशी ठेवली आणि म्हणाली, "ही तू सांभाळ गं."

आक्कानं किटली दोन्ही पायांत घट्ट धरली. फिटरनं गाडी सुरू केली.