धवल्यांना ठसा हवा होता

मित्रांनो, मी सीड्यांच्या प्रती काढणारा एक जुना टॉवर, म्हणजे उभ्या खोक्यासारखे यंत्र आहे. पेणला रामवाडीत, मितेशच्या स्टुडिओत माझी उमेदीची वर्षे गेली. आज मी गोड बोलणार नाही. मला राग आला आहे.

सीडी दोन रीतींनी बनते. कारखान्यात धातूच्या ठशावरून प्लास्टिकमध्येच आवाज उमटवतात. ती सीडी टिकते, पण ठशाला काही आठवडे लागतात आणि थोड्या प्रतींसाठी ते परवडत नाही. मी कोऱ्या सीडीच्या रंगाच्या थरावर किरणाने लिहितो. काम झटपट होते. पण ऊन, दमट हवा लागली की रंग उडतो. हमरापूरच्या मूर्तिकारांना गणपतीच्या हंगामापुरते मूर्तींचे फोटो गिऱ्हाइकांना पाठवायचे असत. तिथे मीच योग्य होतो, आणि मला त्याचा अभिमान होता.

मग सगुणाबाई आल्या. खाडीकाठच्या लग्नांत धवले, म्हणजे विधींची गाणी, गाणाऱ्या धवलारीण. चौदा धवले त्यांनी स्टुडिओत गाऊन भरून दिले. हजार प्रती निघायच्या होत्या. "माझ्या मागं पोरींना ऐकाया मिलतील असं कर," एवढेच त्या म्हणाल्या. मितेशने ठशाच्या सीड्यांचा शब्द दिला, आणि आळसात महिना घालवला. लग्नसराई तोंडावर आली तेव्हा त्याने त्या हजार प्रती माझ्याकडूनच लिहून घेतल्या. कारखान्याच्या वाटाव्यात म्हणून वर चकचकीत चित्र चिकटवले. पुढे संगणकात जागा हवी म्हणून मूळ ध्वनिमुद्रणही पुसले. मला तोंड असते तर मी तेव्हाच ओरडलो असतो.

नऊ वर्षांनी सगुणाबाई रोह्याच्या नातीला, मनालीला घेऊन आल्या. जवळजवळ सगळ्या सीड्या मुक्या झाल्या होत्या. पेटीत जपलेल्या एकीवरचे अकरा धवले तेवढे वाजत होते. मितेशने माझ्याकडे बोट दाखवले. "मशीनच खराब हाय, आजी."

सगुणाबाई शांतपणे म्हणाल्या, "शबूद मशिनीनं दिलता का? तू दिलतास."

उरलेले तीन धवले मनालीने तिथेच पुन्हा भरून घेतले. दोन झाले. तिसऱ्याची पहिली ओळ गाऊन सगुणाबाई थांबल्या. मग नातीला विचारले, "पुढं काय गो?"

मनालीला ते ठाऊक नव्हते.

तेरा धवल्यांचा ठसा आता कारखान्यात होतो आहे. मित्रांनो, आम्हा यंत्रांना कामाला लावण्याआधी एवढे ठरवा, की ही वस्तू हंगामापुरती हवी आहे की नातवंडांसाठी. आम्ही सांगाल ते करतो. चौदावा धवला मीच लिहिला होता, हजार वेळा, आणि मलाही तो येत नाही.