स्टाफची खुर्ची

"उठायचं नाही हं, मावशी," मालक म्हणाले. "बसायचं होतं ना? मग बसा आता, दुकान बंद होईपर्यंत. खुर्ची सोडलीत की नोकरी सोडलीत, असं समजेन मी."

आणि ते गल्ल्यावर जाऊन बसले. त्यांना बसायला कधी कुणाला विचारावं लागलं नव्हतं.

चपलांच्या त्या दुकानात बसायला जागा कमी होती असं नाही. भिंतीला लागून लाल गादीचा लांबलचक बाक होता, पण तो गिऱ्हाइकांचा. विकणाऱ्या बायकांनी उभं राहायचं, नाहीतर गिऱ्हाइकाच्या पायाशी उकिडवं बसायचं. मावशींचं अर्धं आयुष्य त्यातच गेलं. लोकांची तोंडं त्या विसरत, पाय विसरत नसत. त्यांच्या स्वतःच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरांचा गुंता झाला होता, तो मोज्यांखाली झाकलेला असे.

मग एकदा रेडिओवर कुणी वकीलबाई म्हणाल्या, उभ्यानं काम करणाऱ्याला बसायला जागा देणं मालकाला कायद्यानं भाग आहे. भाजी चिरता चिरता मावशींची सुरी थांबली. नवरा कारखाना बंद पडल्यापासून घरीच बसून होता. त्याला कुठल्या कायद्यानं बसवलं होतं, कोण जाणे. "नसत्या भानगडीत पडू नकोस," तो म्हणाला. "घर तुझ्यावर चाललंय."

स्वतःसाठी त्या पडल्याही नसत्या. पण दुकानातली धाकटी पोटुशी होती, दिवस भरत आले होते. पायाशी बसली की उठताना रॅक धरायची, आणि मालक गल्ल्यावरून ओरडायचे, "रॅक पाडशील गं!" तेव्हा मावशी कामगार कचेरीत जाऊन सांगून आल्या.

काल तिथले साहेब पाहणीला आले. मालकांना आधीच कसा वास लागला देव जाणे; सकाळीच त्यांच्या घरून जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची आली होती.

"बसायला मिळतं का तुम्हाला?" साहेबांनी धाकटीला विचारलं.

धाकटीनं मालकांकडे पाहिलं. "मिळतं की. रोज मिळतं."

"तक्रार केली तरी कुणी?" मालकांनी हसत विचारलं.

"नाव सांगत नसतो आम्ही," साहेब म्हणाले, आणि सरळ मावशींकडे बघत राहिले.

आज ती खुर्ची गोदामाच्या दाराशी होती, मावशींसकट. एकाही खोक्याला हात लावायची परवानगी नव्हती. जुनं गिऱ्हाईक थट्टेनं म्हणालं, "काय मावशी, साहेबीण झालात?"

"बढती मिळाली," मावशी म्हणाल्या. दोघंही हसले.

दुपारी धाकटी जवळून जाताना घुटमळली. "रागावलात ना? काय करू मावशी, काम गेलं तर ह्यांच्या एकट्याच्या पगारात कसं व्हायचं?"

"जा, गिऱ्हाईक थांबलंय."

संध्याकाळी एक आडदांड गृहस्थ बूट घ्यायला आले. धाकटीनं खाली बसून एका बुटाची नाडी बांधली. रॅक धरून उठायला गेली, हात निसटला आणि ती खोक्यांसकट मागे आपटली.

मावशी कधी उठल्या, ते त्यांनाही कळलं नाही. बगलेत हात घालून त्यांनी तिला उभं केलं. "लागलं का?" तिनं मान हलवून नाही म्हटलं. मावशींनी खुर्ची ओढत दुकानाच्या मध्यावर आणली.

"बस."

"नको मावशी. मालक बघतायत."

"बस गं. रोज मिळते ना तुला?"

मग त्या स्वतः खाली बसल्या आणि दुसऱ्या बुटाची नाडी बांधली. "अंगठ्याला दाबतोय का?" त्यांनी विचारलं. "नाही, छान बसलाय," गिऱ्हाईक म्हणालं.

"मावशी," मालक गल्ल्यावरून शांतपणे म्हणाले, "खुर्ची सुटली तुमची."

"हो, सुटली."

खिळ्यावरची पर्स काढून त्या बाहेर पडल्या. रस्ता ओलांडण्याआधी त्यांनी एकदा काचेतून आत पाहिलं. खुर्ची मधोमध तशीच होती. धाकटी खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभी होती. गिऱ्हाइकानं नवे बूट घालून इकडून तिकडे चालून पाहिलं, आणि हातातली पिशवी खुर्चीवर ठेवली.